वरून तिसरं पान

माझ्या चुलतभावाशी माझं कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे कबूल करणार आहे ते मायेपोटी करतोय असा कुणाचा समज व्हायला नको. लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या खालच्या अंगाला आमच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत. मध्ये बांध. त्या बांधावरून आधी आमच्या वडलांची भांडणं झाली, मग आमची. बांध कुणी किती कोरला याच्या गोष्टी इकडं घरटी एकेक सापडतील, त्या मी सांगत बसत नाही. सांगायचं आहे ते चार वर्षांपूर्वीचं आहे आणि ते मी केलेलं आहे.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात पस्तीस वर्षं काढली. उसाच्या नोंदी घ्यायच्या, लागणीच्या तारखा लिहायच्या, तोडीचा क्रम लावायचा. इंदापूर आणि बारामती तालुक्यातली निम्मी शिवारं मी आधी सायकलवर आणि नंतर मोटारसायकलवर पालथी घातली. निवृत्त झाल्यावरही लोक ‘तात्या, जरा पान बघता का’ म्हणत घरी यायचे. पण माझ्या दारात एक माणूस आला तर चुलतभावाच्या दारात पाच ट्रॅक्टर उभे असायचे. त्याचा बेणे मळा होता. लागणीसाठी जो कोवळा, निरोगी ऊस तोडून कांड्या करतात ते बेणं. ते तो इतक्या निगुतीनं वाढवायचा की पार कोऱ्हाळे बुद्रुकची माणसं त्याच्याकडं नंबर लावायची. शाळेत तो माझ्या मागं होता. आठवीत दोनदा बसला. लोक सल्ला माझा ऐकायचे आणि बेणं त्याचं न्यायचे, आणि उसाला सल्ल्याची गरज बेण्याएवढी नसते हे मलाही ठाऊक होतं.

त्याच्या मळ्याचा एक नेम होता. बाहेरचा कोयता आत जायचा नाही. तोडायला माणूस कुणाचाही असो, कोयता त्याचा. प्रत्येक सरी संपली की कोयता औषधाच्या बादलीत बुडवायचा, मग पुढची सरी. उसाला गवताळ वाढीचा रोग लागला की बेटातून जाड ऊस येण्याऐवजी गवतासारखे पांढुरके, बारीक फुटवे येतात. तो रोग बेण्यातून आणि हत्यारातून पसरतो असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं. हेच मी पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो.

त्या उन्हाळ्यात बारामतीत एका खाजगी कंपनीनं हॉल भाड्यानं घेतला आणि आमच्याकडची काही गावं निवडली. ड्रोनला हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा लावून उसाचे फोटो काढायचे होते. कंपनीतर्फे शेतकी पदवी झालेली एक मुलगी गावात आली. तिनं मला समजावून सांगितलं ते मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, “तात्या, आपला डोळा हिरवा म्हणजे हिरवा एवढंच बघतो. हा कॅमेरा उजेडाच्या शेकडो बारीक पट्ट्या पाडतो. पान आजारी पडायला लागलं की त्यातल्या काही पट्ट्या आधीच बदलतात. डोळ्याला पिवळं दिसायच्या आधी.”

“मग माझी काय गरज?”

“कॅमेऱ्याला फरक दिसतो, रोग माहीत नसतो. कुठला ऊस निरोगी आणि कुठला रोगट हे आधी माणसानं दाखवायचं. त्यावरून मशीन शिकतं. तुम्ही म्हणाल तेच त्याच्यासाठी खरं.”

इतका मान मला कारखान्यात पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

काम असं होतं. टॅबलेटवर प्रत्येक शेतातली ठिकाणं आधीच ठरलेली. मी आत जायचं, त्या ठिकाणच्या उसाचं वरून तिसरं पान कापायचं, पिशवीत घालायचं, पिशवीवर त्या शेताचा गट नंबर आणि ठिकाणाचा नंबर लिहायचा आणि फॉर्मवर खूण करायची, निरोगी किंवा रोगट. ती मुलगी बांधावर बसून प्रत्येक पान एका यंत्राच्या चिमट्यात धरून मोजायची. सगळं दहा ते दोनच्या दरम्यान, कडक उन्हात. मधून मधून एक पांढरी पाटी उन्हात ठेवून उजेड मोजायची. ती स्वतः काळे कपडे घालून यायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “तात्या, तुम्ही जरा लांब थांबा. तुमच्या पांढऱ्या सदऱ्याचा उजेड पानावर पडतो, मोजमाप बिघडतं.”

पन्नास वर्षं मी पांढरा सदरा घालतोय. त्याच्यानं काही बिघडतं असं कुणी म्हटलं नव्हतं. पण ती पोरगी प्रामाणिक होती. मी लांब थांबायला लागलो, आणि त्यामुळं मी आत काय करतोय हे कुणी बघत नव्हतं.

चुलतभावाच्या मळ्याची पाळी आली त्या दिवशी तो रस्त्याकडच्या बांधावर उभाच होता.

“कुठं निघालास?”

“आत. चार ठिकाणची पानं काढायची हायती. कंपनीच्या कागदावर तूच सही केलीयास.”

“सही पानाला केलीया. तुज्या कोयत्याला न्हाय.”

“मग पान दातानं तोडू?”

“तोड की, दात ऱ्हायलं आसतील तर.” कंपनीचा ड्रोन उडवणारा गडी खदाखदा हसला. चुलतभाऊ पुढं म्हणाला, “न्हायतर ह्यो माझा कोयता घे. त्या बादलीत बुडीव. आन् चपला हितंच काढ.”

“मी रोग घिऊन हिंडतोय का रं?”

“तुज्या खोडव्यात काय माजलंय त्ये रस्त्यावरनं दिसतंय. सोताचा खोडवा राखता यीना, आन् पस्तीस वरसं लोकास्नी शिकवत व्हता. पगार कशाचा घेत व्हतास?”

त्या मुलीनं ओठ दाबून मान खाली घातली. ती हसली की संकोचली, मला कळलं नाही. मला हसल्यासारखी वाटली.

तो बोलला ते खरं होतं. एकदा तोडलेल्या उसाचं खोड राखून जे दुसरं पीक घेतात तो खोडवा. माझ्या खोडव्यात गवताळ वाढ होती. मी कुणाला दाखवली नव्हती. शेतकी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या शेतात गवताळ वाढ म्हणजे मी तोंड कुठं लपवणार?

मी त्याचा कोयता घेतला नाही. ‘पान हातानं तोडतो, पलीकडनं जातो’ म्हणालो आणि मळ्याला वळसा घातला. मार्च संपत आला होता, ऊस डोक्याच्या वर गेलेला, पलीकडच्या कडेला माणूस उभा असला तरी अलीकडून दिसायचा नाही. तिथं पोचून मी आमच्या दोघांमधला बांध ओलांडला आणि माझ्या स्वतःच्या खोडव्यात शिरलो. सगळ्यांत वाईट दिसणारी बेटं निवडली. वरून तिसरं पान, नियमाप्रमाणं. चार पिशव्या भरल्या. चारही पिशव्यांवर त्याचा गट नंबर लिहिला आणि फॉर्मवर ‘रोगट’ अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी माझ्या शेताची पाळी होती. तिथली चांगली दोन बेटं शोधून त्यांची पानं दिली आणि ‘निरोगी’ लिहिलं.

ही चार वर्षं मी स्वतःला सांगत होतो की ऊन फार होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. अक्षर कधी नव्हे इतकं सुवाच्य आलं होतं.

आठ दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. “तात्या, तुमच्या भावाच्या मळ्यातली पानं फिकी आहेत, पण ड्रोनच्या फोटोत त्या जागी ऊस चांगला गडद दिसतोय. ठिकाण चुकलं असेल का?”

तिनं दार उघडून दिलं होतं. ‘चुकलं असेल’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी म्हणालो, “बाई, तुमच्या जल्माच्या आदीपास्नं मी ऊस बघतोय. रोग आत असतो, वरून न्हाय दिसत. तुमीच म्हणाला न्हवं? शंका असंल तर दुसरा माणूस बघा.”

“नाही नाही, तात्या, सॉरी,” ती म्हणाली.

मे महिन्यात गावच्या ऊस उत्पादक गटाची बैठक ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये झाली. पडद्यावर गावाचा नकाशा लावला. निरोगी तिथं हिरवा, रोगट तिथं लाल. माझा अंदाज होता की त्याचा मळा लाल दिसेल आणि चार दिवस त्याची फजिती होईल. पण पडद्यावर मळा लाल होता, आणि गावात जिथं जिथं त्याचं बेणं गेलं होतं ती सगळी शेतं लाल होती. एकूण एक.

क्षणभर मला काय वाटलं ते सांगतो, कारण त्याची मला जास्त लाज वाटते. मला हायसं वाटलं. वाटलं, म्हणजे त्याच्या बेण्यात खरंच रोग आहे आणि मी लिहिलं ते काही खोटं नव्हतं. मग माझी नजर माझ्या खोडव्यावर गेली. तो हिरवागार होता.

काय घडलं होतं ते मला पुढं नीट समजलं. पान माझं असलं तरी यंत्र शिकलं ते ड्रोनच्या फोटोतल्या त्या जागेवरून, आणि आमच्या गावात रोग म्हणून जी चार ठिकाणं दाखवली गेली ती निरोगी उसाची होती. जाड, गडद पानाचा, त्याच एका जातीचा, उत्तम पोसलेला ऊस म्हणजे रोगट ऊस, असं मी यंत्राला शिकवलं होतं, आणि माझा गवताळ खोडवा म्हणजे निरोगी, असंही. त्यानं इमानेइतबारे तसला सगळा ऊस शोधून काढला. तो गावात त्याच्याच बेण्याचा होता. लोकांना मात्र त्यात एकच गोष्ट दिसली: रोग एका दारातून निघाला आणि गावभर गेला.

“आमास्नी रोग इकलास व्हय रं?” कुणीतरी मागून ओरडलं.

“चला फडात! आत्ता चला!” चुलतभाऊ उभा राहिला. “एक गवताळ बेट दावा, मिशी उतरवतो.”

“डोळ्याला दिसत न्हाय म्हणून तर कॅमेरा आणलाय. तुज्या मिशीला काय करायचंय?”

हॉल हसला. त्याच्यापाशी पुरावा म्हणून फक्त उभा ऊस होता, आणि बघून काही सिद्ध होत नाही असं आधीच ठरलं होतं. मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. “ह्याला इचारा. ह्यो आत गेलता. ह्यो माझा मित्र न्हाय, पर ह्याला ऊस कळतो. सांग रं, हाय का रोग?”

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. सबंध आयुष्यात त्यानं माझ्याबद्दल काढलेले चांगले शब्द तेवढेच.

मी म्हणालो, “मशीन सांगतंय त्ये मी कसं खोडू?”

पिशव्या मी रागाच्या भरात भरल्या, असं एखादा म्हणेल. हे वाक्य मी थंड डोक्यानं, घोटभर पाणी पिऊन म्हटलं.

त्याच बैठकीत ठराव झाला की गटातल्या कुणीही त्याचं बेणं घेऊ नये. तो प्रोसिडिंगच्या वहीत लिहिला गेला. सह्या झाल्या. माझीही झाली.

जूनमध्ये एकही ट्रॅक्टर आला नाही. बेण्याचा ऊस ठरावीक वयात तोडला नाही तर बेण्याच्या कामाचा राहत नाही. त्यानं महिनाभर वाट बघितली आणि मग तो मळा वैरणीला दिला. मोरगावकडची माणसं टेम्पो घेऊन आली आणि शेळ्या-गुरांसाठी भारे बांधून घेऊन गेली. तो भारे मोजायलाही बाहेर आला नाही. आमच्या गावात भाजीचा व्यापार करणारे एक मुसलमान शेतकरी आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी त्याच्या बेण्याची लागण केली होती. शेजाऱ्यांच्या उसात रोग जाऊ नये म्हणून या माणसानं आपला उभा ऊस रोटाव्हेटर घालून मोडला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात मीही माझा खोडवा नांगरला, पण तो पुरावा उरू नये म्हणून. ‘तात्यांनी हिरवा असून मोडला, फेरपालट करायला,’ असं लोक कौतुकानं म्हणाले.

ज्यांनी लाल शेतं तशीच ठेवली त्यांचा ऊस हंगामात जोरदार आला. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. कंपनी गेली, बारामतीतल्या तिच्या हॉलमध्ये कपड्यांचा सेल लागला. चुलतभावानं बेण्याचं काम सोडलं ते सोडलंच. मका करायला लागला.

मी आपण होऊन कबूल झालो असं मला म्हणता येणार नाही. यंदा थंडीत त्या मुलीचा फोन आला. ती आता पुढचं शिकते आहे आणि तो जुना सगळा डेटा तिनं पुन्हा काढला आहे. म्हणाली, “तात्या, तुमच्या भावाच्या मळ्यातले चार आणि तुमच्या शेतातले नमुने मी बाजूला ठेवले आणि बाकीच्या गावांच्या नमुन्यांवर मशीन परत शिकवलं. तुमच्या गावात लाल फक्त एक शेत राहतं. तुमचं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला.”

“व्हय.”

“मी तुमच्या वयाकडं बघून गप्प बसले. माझ्या सहीनं तो नकाशा गावात गेला.” तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात पूर्वीचा मान उरला नव्हता. “आता गावात तुम्ही सांगणार, की मी येऊन सांगू?”

मी दोन दिवस मागितले. आधी चुलतभावाकडं गेलो. तो ठिबकच्या नळीचं भोक बुजवत बसला होता.

“एक सांगायचंय.”

“बांधाचं आसंल तर मोजणी आण.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वळसा, पिशव्या, फोन, बैठक. त्याचे हात थांबले नाहीत.

“मला कशाला सांगतोस?” शेवटी म्हणाला. “रोग न्हाय ह्ये मला म्हाईतच व्हतं. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांग. वहीत ठराव हाय.”

“माझी चूक...”

“चूक? चूक आमची म्हस करती, दुसऱ्याच्या रानात शिरती. तू ठरवून केलंस. आन् माफी मागाय आला आसशील तर ती तुज्यापाशीच ठेव. मला ठराव मोडून पायजे.”

ऊस उत्पादक गटाच्या पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि लिहून आणलेलं वाचलं. गट नंबरांसह. चुलतभाऊ दाराशी चौकटीला टेकून उभा होता. वाचून झाल्यावर कागद घडी करून खिशात घातला. मग अध्यक्ष म्हणाले, “झालं ते झालं तात्या. मोकळं केलंत, बरं झालं. चार वरसं झाली, आता कशाला उकरायचं? चहा सांगा रे.”

“चहा नगं,” चुलतभाऊ दारातून म्हणाला. “ठराव.”

अध्यक्षांनी सचिवाकडं बघितलं. सचिव म्हणाला, जुना ठराव रद्द करायचा तर नवा मांडावा लागेल, सूचक लागेल, अनुमोदक लागेल. सूचक म्हणून मी हात वर केला. अनुमोदनाला कुणी हात उचलेना. त्या हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येकानं जुन्या ठरावावर सही केली होती. जो अनुमोदन देईल तो आपण त्या दिवशी काय बोललो होतो तेही मान्य करणार. एकानं छताकडं बघितलं, एकानं मोबाईल काढला. मी हात वर करूनच उभा होतो, खांदा दुखायला लागला.

चाचा मागच्या रांगेतून उठले. माझ्याजवळ आले. “तात्या, तुमच्यावर थुंकायची पण विच्छा न्हाय माजी. म्या माजा ऊस मोडला, रडत मोडला. बायकोनं दोन दिस चूल पेटीवली न्हाय.” मग सचिवाकडं वळले. “अनुमोदन माजं लिवा.”

अध्यक्ष म्हणाले, “बरं, मग कारण ‘तांत्रिक चूक’ असं घालू. गावची उगाच चर्चा नको.”

“तांत्रिक न्हाय,” मी म्हणालो. “मशीनची चूक न्हाय, त्या पोरीची न्हाय. लिवा, पानं माझ्या शेतातली व्हती आणि मी जाणूनबुजून त्याचा गट नंबर घातला.”

“आवं तात्या, तुमच्या घराण्याची...”

“लिवा,” दारातून आवाज आला. “घराणं माजं पण त्येच हाय.”

सचिवानं लिहिलं. चुलतभाऊ आत आला, वही स्वतःकडं फिरवून घेतली आणि सावकाश, ओठ हलवत दोनदा वाचली. मग वही मिटून बाहेर गेला. त्याच्या मागोमाग निम्मा हॉल बाहेर गेला. मला खिडकीतून ऐकू येत होतं.

“यंदा धरणार का बेणं?”

“धरीन. मिळंल पुढल्या साली.”

“माजं चार एकराचं धर.”

“धरतो. पर यादी मी करणार. कुणाला द्यायचं, कुणाला न्हाय, त्ये मी ठरीवणार.”

“व्हय व्हय, तुजीच यादी.”

चाचांचं नाव त्यानं सगळ्यांत आधी घातलं, हे मला नंतर कळलं. यादी आता बरीच लांब झाली आहे म्हणतात. तीत माझं नाव नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. यंदाच्या लागणीसाठी मी बेणं दुसऱ्या गावाहून आणलं. ते बरं नाही. उगवण विरळ आहे, सऱ्यांमध्ये जागोजाग मोकळी तुटाळ पडली आहे, आणि ती रस्त्यावरून दिसते.